दाखवायचे दात

अर्जात पहिला प्रश्न हत्तीचा आहे.
वस्तूत हस्तिदंत किती, कोणत्या सालाआधीचा,
मापं मिलिमीटरमध्ये लिहा.
माणसासाठी एकही रकाना नाही.

इसोबेल टर्नबुल, वय त्र्याऐंशी, मुक्काम हॉइक,
टोपण न काढताच पेन धरून बसली आहे.
छप्पर गळतं, म्हणून गिल्बर्ट विकायचा.
गिल्बर्ट म्हणजे खापरपणज्याचा भाऊ, की त्याही मागचा कुणी,
बिस्किटाएवढा, लंबगोल,
लाल कोट, पावडर लावलेले केस
आणि जराशी पुढे आलेली हनुवटी, टर्नबुलांची.

मद्रासेला निघाला तेव्हा एकोणीस वर्षांचा.
कुठल्याशा किल्ल्याच्या तटावर सगळ्यांत आधी चढला म्हणे.
किल्ला कोणता, ते दर पिढीत बदलत गेलं,
तट मात्र वाढत गेला.
इसोबेलच्या वडिलांच्या तोंडी तो साठ फुटांवर पोचला होता.
ते स्वतः लोकरीच्या गिरणीत हिशेब लिहीत,
शिडीला हात लावायला घाबरत.

हनुवटी बघ, म्हणायचे ते
तिला आरशासमोर उभी करून.
ही माघार घेत नाही.
म्हणून तिने दोन स्थळं परत पाठवली,
एक बरी नोकरी सोडली
आणि बहिणीशी अकरा वर्षं बोलली नाही.

काल मिसेस लेडलॉने चौकट उघडली.
काच आतून घामेजली होती.
भिंगाखाली तिने दाखवलं:
गालाला रंग लावलेलाच नाही.
सावली तेवढी काढली आहे, निळसर, बारीक रेघांची,
उजेडाची जागा कोरी सोडली आहे.
घरात ज्या गोरेपणाचं एवढं कौतुक झालं
तो हत्तीचा.
हा त्याचा दाखवायचा दात.
खायचे दात कुठे, काय चावता चावता
शेवटचे मिटले, ते अर्जात विचारत नाहीत.

आणि दाताच्या पाठीला टेका म्हणून
पत्त्यांच्या कॅटातलं एक पान, बदामाची पंजी,
अंड्यासारखी कापलेली, साडेतीन बदाम शिल्लक.
पानाच्या कोऱ्या बाजूला चित्रकाराची तांबूस शाई:

कोट उसना, शनिवारी परत करणे.
जहाजाला वारा मिळाला, तिसऱ्या बैठकीला साहेब आले नाहीत.
डोळे झाले होते.
नाकाखालचं धाकट्या भावावरून घेतलं.

धाकटा भाऊ. ॲडम.
त्याची घरात एकही गोष्ट नाही.
मेंढ्या होत्या, टेव्हियट नदीच्या वरच्या अंगाला.
कुणीतरी त्याला एडिनबराला बोलावून खुर्चीवर बसवलं असेल.
खोलीभर ओल्या लोकरीचा वास,
खालच्या गल्लीत बांधलेला कुत्रा,
आणि भावाचं राहून गेलेलं तोंड पुरं व्हावं म्हणून
तो तोंड मिटून बसला असेल
उजेड जाईपर्यंत.
गिल्बर्टला मूलबाळ नव्हतं.
आहेत ते सगळे टर्नबुल ॲडमचे.

इसोबेल बराच वेळ गप्प.
मग हसली, म्हणजे हनुवटी हलली.
"राहिलेल्याची आहे तर," ती म्हणाली,
"गेलेल्याची नाही."

पान मला हवं, म्हणाली.
पान काढलं तर भाव पडेल, मिसेस लेडलॉने सांगून पाहिलं.
पडू दे.
पानाच्या जागी नवा कागद बसला, कोरा, पाचशे वर्षं टिकणारा.
फोनवरच्या कुणीतरी गिल्बर्टला घेतलं,
साडेचारशे पौंड. छपराची उत्तरेची बाजू होईल.

पंजी ओट्याशेजारी आहे,
विजेच्या आणि पाण्याच्या बिलांसोबत एकाच चिमट्यात.
बदाम भिंतीकडे, शाई बाहेर.
किटली उकळेपर्यंत ती वरची ओळ वाचते.
कोट उसना, शनिवारी परत करणे.
आज शुक्रवार.